टोकाकडून ऐकू येत नाही

पहिलं भांडण नळीवरून झालं.
मल्लिनाथला कार्बन फायबर हवं होतं, काळंभोर, हलकं, फोटोत उठून दिसणारं.
मी म्हटलं, त्याच्या आत बोललेलं बाहेर येत नाही,
लोखंडी कपाटात बसून हाक मारल्यासारखं होतं.
दोन दिवस तो माझ्याशी बोलला नाही.
तिसऱ्या दिवशी काचतंतूची नळी आणून
मुकाट्यानं टेबलावर ठेवली.

मग तार.
चारशे तेहतीस मेगाहर्ट्झ. पाव लांबी सतरा सेंटिमीटर,
म्हणजे विताहून तीन बोटं कमी.
आमच्या घरी कापायचं काम अम्माचं.
साखर पेठेत, दारात, मांडीवर सूप घेऊन
ती पत्र्याच्या फर्म्यावर तेंदूची पानं कापते,
हजार विड्यांमागे नासकं पान नाही.
मी मीटरकडे बघत म्हणायचे, अजून.
ती विचारायची, "इंका कोंचम?"
आणि केसाएवढं छाटायची.
"जास्त कापलंस तर जोडणार कशानं?" म्हणाली.
माझ्या वहीत हेच दीड पान भरून आहे, आकृतीसकट.

खरा तिढा पुढे.
उभी तार चहूकडे बोलते,
फक्त जिकडे तिचं टोक, तिकडे मुकी.
आणि रॉकेटचा तर सगळा जन्मच टोकावर.
ते सरळ डोक्यावर गेलं की
खाली उभ्या माणसाला काही ऐकू येणार नाही.
ज्याला ऐकायचंय, त्यानं बाजूला व्हायचं.
मी नकाशावर अर्ध्या किलोमीटरवर फुली मारली.
मल्लिनाथ म्हणाला, मग उडताना जवळून कोण बघणार?
मी म्हटलं, तू बघ.

उभं-आडवं हाही घोळ होताच.
नान्नाच्या मागावर उभा धागा आडव्याला भेटतो, तेव्हा चादर होते.
आमच्याकडे उभी लाट आडव्या तारेला भेटली की
शून्य.
आणि रॉकेट तर वाऱ्यात कलणार, फिरणार, हवं तसं.
म्हणून जमिनीवर यागी नको, मी वेटोळं मागितलं:
बादलीच्या घेराची तांब्याची पाच वळणं,
पाठीमागे तौसिफच्या खुराड्याची जुनी जाळी,
तिला अजून कबुतराचं एक पीस चिकटलेलं.
वेटोळ्याला कुठलाही कल चालतो,
पण येईल त्यातलं ते अर्धंच घेतं, कायम अर्धं.
"अर्धं कशाला घ्यायचं?" मल्लिनाथ.
पूर्ण जाऊ नये म्हणून.
सरांनी चष्मा काढून पुसला आणि सही केली.

धरायला तौसिफ.
लहानपणापासून गच्चीवर पाखरं उडवणारा,
त्याची मान आभाळामागून आपोआप वळते.

मंद्रूपच्या पुढचा माळ, ज्वारी निघून गेलेली,
सकाळी साडेआठलाच उन्हाचा चटका.
परवानगीचा कागद दगडाखाली फडफडतोय.
तीन, दोन,
आणि आवाज आमच्यापर्यंत उशिरा आला,
आकडे आधी आले.

एक. दोन. सात. एकोणीस.
तौसिफ बोलत नव्हता, श्वाससुद्धा हळू घेत होता.
चाळीस.
मग काही नाही.
पडद्यावर चौकट लुकलुकत राहिली,
माझ्या तोंडाला कोरड पडली.
वर कुठेतरी, कळसाला पोचताना, त्यानं अंग वळवलं
आणि नेमकं टोक आमच्याकडे केलं असणार.
मी एवढं बाजूला होऊनसुद्धा.

अठ्ठेचाळीस, पॅराशूट उघडलेलं.
मल्लिनाथ तिकडून पळत येताना दिसला, एका पायात चप्पल.

एकेचाळीस ते सत्तेचाळीस आमच्याकडे नाहीत.
सगळ्यात उंच होतं तेव्हाचे ते सात.
कार्डात असतील, पण कार्डाचा खोबणीतला कोपरा तुटलाय,
दुकानदार म्हणाला सोमवारी बघू.

संध्याकाळी तार घरी आणली, ढेकळावर आपटून वाकलेली.
अम्मानं ती दोन बोटांत धरून सरळ केली,
फर्म्याला लावून बघितली, बरोबर भरली.
"काय म्हणालं मग?"
मी वही काढली आणि चाळीसपर्यंत वाचून दाखवलं.
ती पानं कापत ऐकत होती.
चाळीसनंतर मी थांबले, तेव्हा तिची कात्रीही थांबली.
"इंका?"