टेप चढवायला लागलेला वेळ

यंत्राला नोव्हेंबर कळत नाही.
त्याच्या लेखी आज वर्षाचा तीनशे सतरावा दिवस,
आणि मध्यरात्र उलटून किती झालं
ते सेकंदाच्या शंभराव्या हिश्शात.
कोण आलं, कुठली फाइल उघडली,
कोण अर्ध्यावर कोसळलं आणि कुठल्या आकड्याने,
सगळं टिपून ठेवतं,
आणि विचारल्याशिवाय चकार शब्द काढत नाही.

विचारण्याचा पगार मला मिळतो.
डुलुथ बंदर, खनिज वाहणारी रेल्वे कंपनी, चौथा मजला.
खिडकीखाली सरोवर, इतकं करडं
की पूल उचलल्याचं भोंग्यावरून कळतं.

ब्रँडवोल्डसाहेब म्हणाले, "एल्ना, पगारपत्रक पाचला निघायचं,
आता सव्वासहा होतात. पुढच्या शुक्रवारपर्यंत कारण हवंय."
आयता अहवाल होता. तो सरासरी सांगतो.
सरासरीत लंगडणारा आणि धावणारा
दोघंही शिस्तीत चालताना दिसतात.

म्हणून मापं घेऊन माझा मीच शिवायला घेतला.
तीस नंबरच्या नोंदी तेवढ्या वेचायच्या,
बाकीच्या जाऊ द्यायच्या.
पहिल्या छपाईत कुणीच काही केलेलं नव्हतं, सगळीकडे शून्य.
चार घरं चुकले होते मी;
नोंद आधी स्वतःची लांबी सांगते,
ती चार घरं मोजायची राहिली
की पुढचं सगळं भलत्याच्या नावावर जातं.
दुसऱ्या छपाईत कागद अडकला.
तिसरी नीट आली.

प्रोसेसरचा वेळ सपाट. वाचणं-लिहिणं सपाट.
एकच रकाना आठ वर्षं चढत गेलेला:
यंत्राने टेप मागितली, तेव्हापासून ती चढेपर्यंत.
एकोणऐंशीत पन्नास सेकंद.
त्र्याऐंशीत नव्वद.
यंदा एकशे चौऱ्याऐंशी.
फक्त रात्री. फक्त चौदाव्या रांगेपलीकडे.
आणि सोमवारी, बदलीचा पोरगा असतो तेव्हा, बेचाळीस.

इतर रात्री वायनो केस्किनेन असतो.

काहीतरी निमित्त काढून दोन वाजता खाली गेले.
लाल दिवा लागला. वायनो उठला:
आधी हात उठले, मग खांदे, मग उरलेला तो.
मांडणी धरत धरत सतराव्या रांगेपर्यंत गेला,
येताना टेप छातीशी,
आणि मोकळा हात पुन्हा मांडणीवर.
गुडघ्याचं मी विचारलं नाही. त्याने सांगितलंही नाही.
बायकोने भाजलेला वेलचीचा पाव कापून पुढे केला,
दिव्याकडे बघत म्हणाला,
"माझ्याबद्दल काही बोललं का ते?"
"टेपांबद्दल बोललं," मी म्हटलं.
त्याने कॉफी ओतली, माझ्या कपात जरा जास्त.

चौथी छपाई गुरुवारी.
पाळीचा रकाना काढला. वाराचा काढला.
टेपचा नंबर, रांग, रात्री किती वेळा मागणी,
उतरत्या क्रमाने.
वरच्या दोनशे बारा टेपा सगळ्या टोकाला,
कारण आठ वर्षं कुणी मांडणी हलवलीच नव्हती,
नवी टेप आली की शेवटी लावायची, बस.
हेही खोटं नव्हतं.
खाली एक ओळ: या दाराजवळ आणाव्यात.

साहेबांनी चष्मा कपाळावर सरकवला.
"कपाटं? एवढंच?"
"एवढंच."

आता पगारपत्रक पाच वीसला निघतं.
ती वीस मिनिटं कुठली, ते त्यांनी विचारलेलं नाही.

माझ्या कामाचीही नोंद झाली, रीतसर.
तीनशे तेविसावा दिवस, सुरुवात, शेवट,
चार लाख बारा हजार नोंदी वाचल्या,
दोनशे बारा ओळी लिहिल्या.

वजाबाकी अजून कुणी मागितलेली नाही.