अकर्मक

ॲबर्डीनच्या कोर्टात मी शब्द टिपते.
सव्वीस वर्षं. बोटं चालतात, तोंड बंद.
खोकल्याला चिन्ह नाही, रडण्याला नाही;
जे उच्चारलं तेवढंच कागदावर.

मंगळवारचं पहिलं प्रकरण चार मिनिटांत आटोपलं.
लेनी मिल्न नावाचा पोरगा, सुपरमार्केटमधून
तान्ह्या बाळाच्या दूधपावडरीचे दोन डबे.
"कोणी उचलले?"
"मी उचलले."
कर्ता, कर्म, क्रियापद. चार महिने.

मग रॅनल्ड ऑगिल्व्ही-टेट आले.
मच्छीमारांच्या विधवांचा फंड पंचवीस वर्षं त्यांच्या हाती.
करडा सूट, शाळेचा जुना टाय;
तोच टाय, म्हणतात, न्यायाधीशांच्याही कपाटात आहे.
तीन दिवस ते बोलले
आणि इतकं मृदू, इतकं घासूनपुसून बोलणं
मी फार दिवसांत टिपलं नव्हतं.
"रक्कम वळती झाली."
"काही नोंदी राहून गेल्या."
"बेलीझमध्ये एक कंपनी निघाली होती,"
कुत्र्याच्या छत्रीसारखी, रातोरात, आपली आपण.
आणि शेवटी, चष्मा पुसत,
"पैसे बुडाले."

शाळेत आम्हाला मिस गेडिस होत्या.
एकदा बर्फाच्या गोळ्यानं खिडकी गेली,
अख्खा वर्ग एका सुरात म्हणाला, काच फुटली.
त्यांनी खडू फळ्यावर आपटला.
फुटली की फोडली?
पडलं की पाडलं? सांडलं की सांडवलं?
काचेला काय हौस आली होती?
कोणी बोललं नाही, तेव्हा सगळ्यांचीच मधली सुट्टी गेली.
(गेली नव्हे. त्यांनी घेतली.)

चौथ्या दिवशी एफी स्ट्रॅखन, वय एक्याऐंशी,
पीटरहेडहून पहाटेच्या बसनं आलेली,
हातांवर मासे चिरायच्या सुरीचे पांढरे वण.
वकिलानं आवाज खाली आणला:
"आपले पैसे बुडाले, हे आपल्याला कधी कळलं?"
ती म्हणाली, "बुडाला तो माझा इयूअन.
गॅनेट नावाची बोट, सत्त्याहत्तरचा फेब्रुवारी.
एक बूट हाती लागला, डावा.
बुडणं मला ठाऊक आहे, साहेब.
पैशांना कुठलं वादळ लागलं तेवढं सांगा."

"साक्षीदारानं विचारल्यापुरतंच बोलावं."
हेही मी टिपलं.

मग चारित्र्याचे साक्षीदार. बिशप,
एक निवृत्त हेडमास्तर, रोइंग क्लबचा सेक्रेटरी.
"त्यांनी चर्चला ऑर्गन दिला."
"त्यांनी शाळेचं छप्पर घालून दिलं."
"त्यांनी माझ्या मुलाला स्वतः गाडीनं इस्पितळात नेलं."
आता दर वाक्याला कर्ता होता,
पहिल्याच जागेवर, ताठ, इस्त्री केलेला.
खोटं त्यात काही नव्हतं.
ऑर्गन मी ऐकलाय. सुरेख वाजतो.

निकाल वाचायला अर्धा तास लागला.
विश्वासाला तडा गेला आहे.
प्रतिष्ठा लयाला गेली, ही शिक्षा काही लहान नाही.
तीनशे तास समाजसेवा.
एफीबाईंनी हातमोजे चढवले, एक, मग दुसरा,
आणि शेजारणीला विचारलं, परतीची बस किती वाजता.

संध्याकाळी गारा पडत होत्या.
जिन्याखालच्या जड दाराशी मी पोचले,
दोन्ही हातांत मशीनची पेटी.
त्यांनी दार उघडून धरलं, जरासे झुकले,
"आधी तुम्ही,"
आणि वाऱ्याचा झोत स्वतःच्या अंगावर घेतला.
"थँक यू, सर," मी म्हणाले.
मनापासून म्हणाले.

बसमध्ये बोटं मांडीवर
आपोआप चालू लागली,
तेच शब्द पुन्हा पुन्हा टिपत.

आपोआप नव्हे.
मी चालवत होते.