इशारा पातळी

दाखल्यावर शेऱ्यासाठी दीड इंच जागा असते.
एकवीस वर्षं मी तिथे 'निरंक' लिहीत आले,
शिक्का वाळायच्या आत, न बघता.

सन्मती मगदूम. सातवी पास. वर्तणूक चांगली.
"चांगली म्हणजे किती?" तो विचारतो,
माझ्याकडे नाही, माझ्या मनगटावरच्या घड्याळाकडे बघत.
आमची शाळा सातवीला संपते, हे त्याला पहिलीपासून ठाऊक,
तरी महिनाभर रोज विचारतोय
फळ्याच्या उजव्या कोपऱ्यातला टवका
नव्या शाळेत असेल का.

म्हणून आज राजारामपुरीत.
गल्ल्यांना आकडे आहेत, एवढ्यावर त्याला हा भाग पटलाय.
त्रिशलाताईंच्या स्कूटीवर आम्ही तिघं,
सीपीआरच्या डॉक्टरांचा कागद माझ्या पर्समध्ये चार घड्यांत.
क्लार्क अडखळत वाचतो, "ॲस्पर्जर... हे नाव कुणाचं?"
नावच आहे, म्हटलं, पण याचं नव्हे.
याचं वर लिहिलंय.

शिरगुप्पे सर चांगले आहेत. चहा मागवतात.
(आधीच्या दोन शाळांत चहा नव्हता.)
म्हणतात, बाई, दिसायला तर पोरगं व्यवस्थित आहे की.
म्हणतात, एका तुकडीत अडुसष्ट,
प्रत्येकाला निराळं ताट कुठनं वाढायचं?
त्रिशलाताई रुमालाची घडी मोडतात, घालतात, मोडतात.

ठरवूनच आले होते, हात जोडायचे नाहीत.
विचारलं, सर, पुराच्या साली तुमच्या घरात पाणी किती होतं?
ते हसले. उंबऱ्यापासून हात वर वर नेत छातीशी थांबवला.
मग सांगितलं.
राजाराम बंधाऱ्याला एकोणचाळीस फूट म्हणजे इशारा,
त्रेचाळीस म्हणजे धोका.
हा पोरगा पाचवीपासून रोजचा आकडा वहीत लिहितो,
उन्हाळ्यातसुद्धा, कुणी विचारत नसताना.
लेझमीच्या तासाला हलगी कडाडली, तेव्हा
कान दाबून हा बाकाखाली,
आणि मी, मीच, सर,
दंड धरून त्याला बाहेर ओढला.
चार दिवस आला नाही.
पाचव्या दिवशी माझ्या टेबलावर चिठ्ठी: ३९.
मला कळायला दुपार उजाडली.
तेव्हापासून आमच्यात एवढंच,
चिठ्ठी आली की तो व्हरांड्यात नळापाशी जातो,
दहा मिनिटांत उतरतं.
राधानगरीचे दरवाजे आपोआप उघडतात, सर,
धरणाला कुणी बेशिस्त म्हणत नाही.

निराळं ताट नकोच त्याला.
खिडकीकडचं बाक, रोज तेच.
घंटा व्हायच्या आधी एक शब्द.
डोळ्यांत बघ म्हणून हनुवटी धरू नये.
आणि तो खरं बोलेल, तुमच्याविषयीही, पोरांसमोर,
तेवढं सोसा.

सर पेनाचं टोपण उघडत-मिटत राहिले.
"बघू," म्हणाले. "कमिटीपुढे ठेवतो."
हा 'बघू' मला पाठ आहे.
कितीक आयांच्या पदरात मीच तो घातलाय.

बाहेर सन्मती रुळाच्या तुकड्यासमोर उभा,
हीच इथली घंटा.
मुल्लाणी मामांनी हातोडा पाठीमागं धरलेला.
"आधी किती मिन्टं सांगू रं तुला?"
"दोन."
"दोन. बरं."
त्यांनी भिंतीवरचं घड्याळ बघितलं
आणि खरोखरच थांबले,
आत आठवीचे मास्तर दारातून डोकावेपर्यंत.

दाखला द्यायचा राहिलाच होता.
स्कूटीच्या सीटवर टेकवून
दीड इंचात मावेल इतक्या बारीक अक्षरात लिहिलं,
आकडा वीचारावा.
त्रिशलाताई काही बोलल्या नाहीत, हेल्मेटचा पट्टा शोधत राहिल्या.
सन्मती वाकून बघत होता, बराच वेळ.
"वेलांटी पहिली पाहिजे, बाई."

दुरुस्त केली.