लेक लागणे

तिकडे या दुखण्याला म्हणतात लेक लागणे.
लेक म्हणजे झाडं संपतात तिथलं उंच रान.
मला मात्र पहिल्यांदा ऐकताना
कुणाची तरी मुलगीच दिसली,
बापाच्या मागे मागे फार वर आलेली.

माछेर्मोचा दवाखाना म्हणजे दोन दगडी खोल्या.
छोकी ल्हामूने फरशीवर खडूची रेघ ओढली:
"टाचेला अंगठा लावत ये."
जसहाङ राई, एकोणीस वर्षांचा, भोजपूरकडचा,
तिसऱ्याच पावलाला रेघेबाहेर.
हसला. म्हणाला, बूट मोठे आहेत.
बूट मोठे होतेच, कुणीतरी टाकून दिलेले.
बोटाला चिमटा लावला. छप्पन्न.
छोकीने तो स्वतःच्या बोटाला लावून पाहिला.
यंत्र बरोबर होतं.

"डोकं कधीपासून?"
"दुखत नाही."
"कधीपासून?"
"परवापासून."
बोलला असता तर भारा गेला असता दुसऱ्याच्या पाठीवर,
आणि भाऱ्यामागून मजुरी.

भारा मी सोडून पाहिला.
दोन घडीच्या खुर्च्या, तंबू, कॉफीचं भांडं,
आणि तळाशी लाल चेनच्या पिशवीत
याच दुखण्यावरच्या गोळ्या, पाहुण्यांच्या,
पाकीटसुद्धा न फोडलेलं.
तीन दिवस त्याने ते पाठीवरून वर आणलं होतं.

इंजेक्शन दिलं. मग नारिंगी पिशवी,
माणसाएवढी, आत माणूस, चेन बंद.
पायाने पंप मारायचा.
पिशवी फुगते तसा आतला माणूस
जागच्या जागी दीड हजार मीटर खाली जातो.
मिनिटाला बारा. थांबायचं नाही,
थांबलं की आतला श्वास शिळा होतो.
आधी छोकी, मग मी, मग लॉजचा आचारी ग्याल्बू,
जो मारता मारता भाताचं पाणी किती ठेवलं ते मला विचारत होता.
प्लास्टिकच्या खिडकीत दोन डोळे.
बाहेर याकच्या घंटा, आणि फुस्स, फुस्स.

"ही उसनवारी आहे," छोकी म्हणाली,
"पहाटे फेडावी लागते.
लसणाच्या सुपाने डोंगर बुटका होत नाही.
गोळीनेही नाही.
हळू चढ, रात्री निजायला थोडं खाली ये,
आणि दुखलं की बोल.
बोलायला पैसे पडत नाहीत, असं मी सगळ्यांना सांगते."
मग थोडं थांबून:
"यांना पडतात."

उजाडताच डोकोची एक बाजू कापली,
पाय बाहेर सोडायला.
ग्याल्बूने नाम्लो कपाळाला लावला.
"माझा भारा?" टोपलीतून आवाज आला.
"तूच," ग्याल्बू म्हणाला,
"आणि कालच्यापेक्षा हलका."

उतार. पुन्हा उतार. दुधकोशीचा आवाज जवळ येत गेला.
धुपीची पहिली झुडपं लागली तिथे
टोपलीतून कुणी तरी कुरकुरलं:
"डोकं दुखतंय रे."

आम्ही तिघेही थांबलो,
आणि छोकी, रात्रभर न हसलेली,
खो खो हसायला लागली.