समर्थन द्या

प्रस्तावाच्या बाविसाव्या पानावर मी लिहून बसले होते:
“मानवी चाचणीसाठी सज्ज.”
अकरा वर्षांचं काम तीन शब्दांत मावलं,
वर जागाही उरली.

दिल्लीहून विचारणा आली: कोल्हापूरच का?
उत्तराला दोनशे शब्दांची मर्यादा.
मी लिहिलं, आमच्याकडे मंगळवारी
तोंडावर रुमाल धरलेली माणसं
जिन्यापर्यंत बसतात.
मग ते खोडून आकडे टाकले.
रुमालाला कोण पैसे देतं?

नैतिकता समितीत दोन डॉक्टर, एक वकील,
औषधशास्त्राच्या एक बाई,
आणि नियमाप्रमाणे एक सामान्य माणूस:
रावसाहेब मगदूम, उद्यमनगरातल्या फौंड्रीत
छत्तीस वर्षं पॅटर्नमेकर,
उजव्या अंगठ्याला वरचं पेर नाही.

स्लाइड संपल्या. चहा आला, खारी आली.
रावसाहेबांनी खारी बशीतच ठेवली.
“बाई, उंदरांचं काय झालं शेवटाला?”
गाठी आक्रसल्या, मी म्हटलं.
“त्ये कळलं. उंदरांचं काय झालं?”
नियमाप्रमाणे, मी म्हटलं, आणि
पुढचं त्यांनी मला बोलू दिलं नाही.

“आमच्यात नव्या पॅटर्नचं पयलं ओतकाम
गिऱ्हाइकाला देत न्हाईत.
फोडून बघायचं, आत कुठं पोकळी हाय का,
आन परत भट्टीत.
लोखंड काय, रागवत न्हाई.”
एवढं बोलून चष्मा पुसत बसले.

मग बजेटचं पान मागितलं.
तो आखूड अंगठा ओळींवरून उतरत गेला,
विमा, रक्ततपासण्या, उणे ऐंशीचा फ्रीज,
परदेशी परिषदेचा प्रवास,
आणि पार तळाशी थांबला:
रुग्णाचं येणंजाणं.
“गारगोटीचा माणूस एकटा येत न्हाई.
बायको न्हाईतर पोरगं येतंय संगं.
त्येंचं जेवान कुठल्या रकान्यात?”

कुठल्याच नव्हतं.

रात्री लॅबमध्ये संमतीपत्र पुन्हा काढलं.
“सदर औषधाचा आपणास थेट लाभ होईलच असे नाही”
हे खोडलं.
“या औषधानं तुम्ही बरे व्हाल, असं आम्ही म्हणत नाही.
अंगाला किती सोसतं, तेवढंच आधी बघणार आहोत.”
मोठ्यानं वाचून पाहिलं.
हे वाचून कोण सही करेल?
आणि न वाचता किती जण?

परिषदेचा प्रवास काढून टाकला.
सोबतच्या माणसाचं जेवण, खेपेला नव्वद रुपये,
अठरा रुग्ण, चौदा खेपा,
बावीस हजार सहाशे ऐंशी.
पोर्टलनं लाल अक्षरांत म्हटलं: समर्थन द्या.
पलीकडच्या खोलीत उंदीर भुसा उकरत होते,
यास्मिननं जाताना दिवा चालूच ठेवला होता.
मी लिहिलं: माणसाला भूक लागते.

अजून दिल्लीचं उत्तर नाही.
परवाच्या मंगळवारी रांग
जिन्याचं वळण ओलांडून खाली,
सायकल स्टँडपर्यंत गेली होती.