पंधरा फुटांवरून

पाकीट जाड होतं, म्हणून मी आधी हात पुसले.
अकरा पानं. वर ऑरिनचं नाव, खाली अपील मंडळाचा शिक्का,
आणि मधे तो, कुणी परका असल्यासारखा:
अपीलकर्ता म्हणतो की, अपीलकर्त्यास आठवते की.
अपीलकर्ता पलीकडे खुर्चीत बसून
सुपीरिअर सरोवरावरचं धुकं बघत होता.

कानातला आवाज: मंजूर. दहा टक्के.
सत्तावन्न वर्षं वाजणारी शिट्टी
शेवटी सरकारलाही ऐकू आली म्हणायची.
रात्री तो रेडिओ दोन स्टेशनांच्या मधे लावून झोपतो,
नुसती खरखर, तिच्याआड शिट्टी लपते म्हणून.
हे मीच लिहून दिलं होतं, दोन पानं, शाईच्या पेनाने.
पान सातवर म्हटलंय, पत्नीचे निवेदन विश्वासार्ह आहे.
चोपन्न वर्षांच्या संसारात
मला हे कुणी लेखी दिलं नव्हतं.

मग पान नऊ.
बहिरेपण: दावा मागे घेतला, सबब निकाली.
सुनावणीत अपीलकर्त्याने स्वतः, स्पष्ट शब्दांत,
परिणामांची पूर्ण जाणीव ठेवून मागे घेतला.

मी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

डलूथचं ते ऑफिस. भिंतीवर पडदा, पडद्यात न्यायाधीश बाई.
बाई चांगल्या होत्या, ऑरिनला सर म्हणत होत्या,
पण ओठ आधी हलायचे, आवाज मागून पाय ओढत यायचा.
लीजनचा डेल्मर फायलीत कुठलंसं पान शोधत होता.
मी ऑरिनच्या उजव्या अंगाला, वेळ आली की गुडघा दाबायला.
बाईंनी विचारलं, माझा आवाज येतोय ना?
तो म्हणाला, हो.
मग त्यांनी काही लांबलचक विचारलं, वकिली वळणाचं.
मी नेमकी पर्समधे त्याच्या गोळ्या चाचपत होते.
हो.
नक्की ना, सर?
हो.

तो सगळ्यालाच हो म्हणतो.
कॉफी? हो. बर्फ थांबलं का? हो.
ऑरिन, गॅरेजमधून धूर येतोय! हो, हो.
न ऐकू येणाऱ्या माणसाची ती रीत असते,
समोरच्याला दोनदा बोलायचे कष्ट पडू नयेत म्हणून.

पहिला हो एकोणसत्तरचा, फौजेतून सुटतानाचा.
तेरा महिने तोफांपाशी काढून आलेल्या पोरांची रांग,
पंधरा फुटांवर डॉक्टर, एकेक आकडा कुजबुजणारा.
पुढचा म्हणाला चौसष्ट. हाही म्हणाला चौसष्ट.
ठीक आहेस ना? हो. बाहेर घरची बस उभी होती.
कागदावर पडलं: श्रवण, पंधरापैकी पंधरा.
ती कुजबुज त्याला कधीच ऐकू आली नव्हती,
पण पुढे प्रत्येक तपासनिसाला ती खणखणीत ऐकू आली,
प्रत्येक नकारात, तारखेसकट.
एकाने लिहिलं, दोष टू हार्बर्सच्या खनिजगोदीचा असावा.
तोफ म्हणजे जणू अंगाईच.

डेल्मर फोनवर रडवेला झाला होता.
म्हणाला, फेरविचाराचा अर्ज करू, दीड-दोन वर्षं धरून चल.
ऑरिन मार्चमधे अठ्ठ्याहत्तरचा होईल.
मी कागद घेतला आणि लिहायला बसले:
माझे पती हो म्हणाले, त्याचा अर्थ हो असा नव्हता.
पेन तिथेच अडलं.
एकाहत्तरच्या जूनमधे, चर्चमधे,
पाळकही त्याच्या डाव्याच बाजूला उभे होते.
हे मात्र अर्जात घालणार नाही.

उठून ड्रॉवरमधली टेप काढली.
सिंकपासून त्याच्या खुर्चीपर्यंत तेरा फूट.
दोन फूट मागे, दाराच्या चौकटीत जाऊन उभी राहिले.
त्याची पाठ माझ्याकडे.
कुजबुजले. आकडा नव्हता तो.

धुक्यातून खनिजाच्या बोटीने भोंगा दिला,
खिडकीची काच थरथरली.
त्याने काचेवर तळहात टेकवला, जरा वेळ ठेवला,
आणि म्हणाला, हो.