खाडाखोड

पहाटे तीन. तुर्भे, फळबाजार, गाळा चारशे सात.
सोनोरीहून गाडी आली की आधी वास उतरतो,
मग दगडू सपकाळच्या पाठीवरून अंजीर.
आता प्रत्येक क्रेटला चौकोनी ठिपक्यांचं स्टिकर,
आणि सायमा, कंपनीची पोरगी, स्वेटरच्या बाह्या ओढत
फोन टेकवत जाते: टिक्, टिक्, टिक्.

पहिल्याच दिवशी तिनं सांगितलं,
'काका, ही वही एकाकडे नसते, सगळ्यांकडे असते.
एकदा लिहिलं की खोडता येत नाही.'
मी हसलो. तेहतीस वर्षं मुनीम आहे;
वही म्हणजे माझ्या लेखी
अर्धी शाई, अर्धं ब्लेड.

आमच्याकडे भाव रुमालाखाली ठरायचा.
दोन हात, चार बोटं, वर चहा चालू.
कोण कुणाला काय बोललं
ते फक्त रुमालाला ठाऊक,
आणि रुमाल शनिवारी धुवायला जायचा.

तर, मंगळवारी मी पट्टी केली:
गयाबाई काळे, चाळीस क्रेट, पैकी नऊ खराब.
हमाली वजा, तोलाई वजा, नऊ वजा.
शेठ काही बोलले नाहीत, नुसते खाकरले.
तो आकडा खाकरण्यातूनच यायचा, वर्षानुवर्षं.

शुक्रवारी तिचा फोन. आवाज चढलेला नाही,
मागे कुठेतरी कोंबड्या.
'मुनीमजी, माझे नऊ क्रेट कुजले म्हणता.
मग नेरूळच्या एका बाईनं ते ठिपके वाचून
मला निरोप धाडलाय,
फार गोड, पोरानं एकट्यानं सहा खाल्ली म्हणून.
बत्तीस नंबरचं क्रेट.
कुजलेल्यातलंच ना ते?'

बघून सांगतो, म्हटलं.
बघायचं काय होतं?
सायमाच्या पडद्यावर सगळं होतं:
दुपारी दिवे घाटात गाडी दोन तास तापली तेही,
चौतीस अंश, गयाबाईचंही काही झाकलेलं नाही.
दगडूचं नाव तेवढं कुठे नाही,
त्याच्या पाठीला कुणी स्टिकर लावलेलं नाही.

'खोड ना,' मी हळूच म्हटलं.
'खोडत नाही, काका. खाली नवी ओळ लिहायची.'

ब्लेड खिशातच होतं.
बोटांना रुमालाखालची सवय,
उघड्यावर अक्षरं सापडेनात. तरी लिहिलं,
एकेक शोधत:
नऊ क्रेट चांगले होते. मोरेश्वर पाध्ये, मुनीम.

वरची ओळ तशीच आहे. खालचीही.
शेठ सातला येतात.